सबुरीला आलेला पाहुणा

आमच्या घरात लहान मुलाला कुणी 'रडू नको' असं म्हणत नसे. 'सबूर' म्हणत. गुडघा फुटला, सबूर. दादा होडीकडे नेत नाही, सबूर. तव्यावरची पहिली भाकरी कुणाची यावरून आम्हा भावंडांत जुंपली की आई चुलीकडे तोंड ठेवूनच म्हणायची, "सबूर गो, सबूर," आणि ती भाकरी तिसऱ्याच कुणाला तरी द्यायची, बहुतेक वेळा मांजराला. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा शाळेच्या कपाटातला जाडजूड शब्दकोश काढून हा शब्द मुद्दाम पाहिला. धीर, दम, थांबणे असं काहीसं दिलं होतं. ते चूक नव्हतं, पण तेवढंच असतं तर मला हे लिहायला बसायचं कारण नव्हतं. आमच्याकडे सबूर म्हणजे आत जे उसळलंय ते बाहेर सांडू न देता हातातलं काम चालू ठेवणं. काम चालू ठेवणं महत्त्वाचं. नुसतंच तोंड मिटून कोपऱ्यात बसलेल्या माणसाने सबूर धरली असं आई कधी म्हणाली नाही. त्याला ती सरळ 'रुसलाय मेला' म्हणायची.

आमचं घर आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी होतं. पुढे शेणाने सारवलेलं अंगण, अंगणापुढे बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांड्या आणि वलांड्यांपलीकडे पाणी. बोंबलांची जोडी एकमेकांच्या जबड्यात अडकवून दोरीवर टांगलेली असायची आणि वारा सुटला की त्या रांगा कोरड्या पानांसारख्या खडखडायच्या. त्या आवाजात मी अभ्यास केला, झोपले, भांडले. आजही नागावला मुलाच्या घरी पंख्याच्या घरघरीत मला नीट झोप येत नाही ती त्यामुळेच, असं मी सुनेला सांगते. ती म्हणते, वयामुळे. बाबा होडीचे तांडेल होते, म्हणजे होडी त्यांच्या शब्दावर चालायची. जाळं जड लागलं की खलाशांच्या अंगात यायचं, जो तो आपल्या बाजूने हिसडे देऊन ओढू लागायचा. तेव्हा बाबा एकदाच म्हणायचे, "सबूर." मग सगळे एका चालीत ओढू लागायचे. हे मला दादाने सांगितलं. बायकांनी मासेमारीला जायची आमच्यात रीत नव्हती, त्यामुळे बाबांचं पाण्यावरचं राज्य मी कधी पाहिलं नाही. घरी मात्र ते राज्य आईचं होतं, आणि बाबा तिथे साधे खलाशी होते.

आई मुरूडच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. कोळणीचं तोंड म्हणजे काय हे ज्याला शिकायचं असेल त्याने तिच्यापुढे उभं राहून 'मासे ताजे आहेत का?' एवढंच विचारावं. पण तीच आई, खरोखर काही लागलं असलं की गप्प व्हायची. तिचा भाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा ती सुरमई कापत होती. गिऱ्हाइकाने सांगितले तितके तुकडे तिने सारख्या जाडीचे केले, कागदात बांधून दिले, पाटी शेजारणीच्या हवाली केली आणि मग उठली. आळीत हे कौतुकाने सांगत. मी त्या कौतुकात कुठेच बसत नव्हते. मला आलेली गोष्ट पोटात राहायचीच नाही. हसू, रडू, राग, शेजारच्या घरातलं गुपित, सगळं लगेच बाहेर, आणि तेही असं की चार घरांपलीकडे ऐकू जावं. माझं नाव यमुना, घरात यमी, पण आळीभर मला 'भोंगा' म्हणत. "हिच्यात सबूर न्हाय," असं पारूकाकी माझ्या तोंडावर म्हणायची. पारूकाकी म्हणजे आमची भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण आणि आळीच्या रीतिभातींची राखणदार. मला त्याचं फार वाईट वाटे. आईसारखं व्हावं असं मला मनापासून वाटायचं आणि दर वेळी तोंड माझ्याआधी उघडायचं.

हल्ली सगळे म्हणतात, मनातलं बोला, मोकळे व्हा. माझी सून तर नातवाला रोज विचारते, आज तुला कसं वाटलं? तो सात वर्षांचा बाप्या भिंतीकडे बघत विचार करतो आणि म्हणतो, 'मिक्स.' मला हसू येतं, पण मी त्यात पडत नाही. आईची सबूर चांगली की सुनेची विचारपूस, याचा निवाडा करायला मी बसलेले नाही. मी दोन्हींचं खाल्लंय.

आता मुद्द्यावर येते. होडी ठरल्या दिवशी परत आली नाही की आळीतल्या बाया त्या घरी 'सबुरीला' यायच्या. हा शब्द असा वापरलेला मी इतर कुठे ऐकला नाही. बोलावणं कुणी करत नसे. येताना प्रत्येक बाई आपलं काम घेऊन यायची, कुणी निवडायच्या जवळ्याचं, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीचं सूप, कुणी फाटकं जाळं, कुणी अर्धी शिवलेली गोधडी. ओटीवर बसायचं आणि समुद्र सोडून जगातल्या कशावरही बोलायचं. कुणाची गाय व्याली, कुणाच्या सुनेने कालवणात चिंच जास्त घातली, काहीही. घरच्या बाईने होडीचं विचारायचं नाही आणि तिने विचारल्याशिवाय बाहेरून आलेल्याने सांगायचं नाही. विचारणं म्हणजे वाईट बातमीला हाक मारणं, असं मानत. रडायचं तर मुळीच नाही, कारण होडी पाण्यावर असताना घरात रडलं तर ते पाण्यावर ऐकू जातं. होडीवर गेलेल्यांच्या वाटणीच्या भाकऱ्या रोजच्यासारख्या थापायच्या. त्या सकाळी आम्ही पोरं चहात बुडवून खायचो आणि चवीला त्या ताज्या भाकरीपेक्षा बऱ्या लागायच्या, हे आता सांगायला हरकत नाही. चांगल्या बातमीला मात्र यातलं काहीच लागू नव्हतं. होडी दिसली की जो पहिला पाहील तो फाटकापासूनच बोंबलत यायचा. 

मी नववीत होते. दसरा होऊन गेला होता. दादा, म्हणजे नारायण, सगळ्यांचा नारू, तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्या हंगामापासून तो बाबांच्या होडीवर पुऱ्या खलाशाच्या कामाला लागला होता आणि त्याच्या चालण्यातही फरक पडला होता. ते दोघे आणि पलीकडच्या दिघीकडचे आणखी दोन खलाशी असे गेले, आणि दुसऱ्याच दिवशी वारं फिरलं. वलांड्या आडव्या झाल्या, आमची दोन कौलं उडाली. वारं पडल्यावर इतरांच्या होड्या एकेक करून आल्या. आमची आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पारूकाकी गोधडी काखेत मारून आमच्या ओटीवर चढली, मागोमाग आणखी तिघी. आईने सगळ्यांना पाट दिले आणि आपलं सूप पुढे ओढलं. जवळ्यातले बारीक शंख, खेकड्यांची पिल्लं, काडीकचरा ती निवडून काढत होती. मला तिने कांदे सोलायला बसवलं. ती तिची दया होती, हे मला फार वर्षांनी समजलं. कांद्यापुढे डोळे पुसायला परवानगी होती.

दुपारची जेवणं झाली आणि फाटक वाजलं. कासमचाचा आले होते. कासमचाचा आगरदांड्याच्या जेटीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. आमच्या होडीचं इंजिन त्यांच्याच हातचं. एरवी ते यायचे तेव्हा हात कोपरापर्यंत काळे असायचे आणि दारातूनच "वैनी, पानी द्या," असं ओरडायचे. त्या दिवशी ओरडले नाहीत. चपला काढल्या, त्या नीट एका रेषेत ठेवल्या, टोपी सरळ केली आणि ओटीच्या कडेला टेकले. अंगात धुतलेला सदरा होता. हात स्वच्छ होते. नखांतलंसुद्धा काळं काढलेलं होतं. हात धुऊन आलेला कासमचाचा मी जन्मात पाहिला नव्हता.

"या चाचा," आई म्हणाली. "चा टाकते."

"टाका वैनी. जरा आलं घाला."

मग चाचा बोलू लागले. त्यांच्या धाकट्या मुलीला मुलगा झाला होता, त्याला जावळ फार होतं. पारूकाकी म्हणाली, जावळ असलं की पोर हट्टी निघतं. चाचा म्हणाले, व्हय, हट्टी तर हायच. यंदा नारळ बारीक पडला यावर बरंच बोलणं झालं. चहा आला, चाचांनी बशीत ओतून फुंकून फुंकून प्यायला. मी आईकडे बघत होते. तिचे हात थांबले नव्हते. शंख इकडे, खेकडा तिकडे, जवळा मध्ये. चाचा फाटकापासून बोंबलत आले नाहीत, याचा अर्थ त्या ओटीवरच्या प्रत्येक बाईला कळला होता. पारूकाकीचा दोरा तीनदा सुईतून निघाला. आईने मान वर करून विचारलं, "चाचा, आनखी घेनार ना घोटभर?" आणि चाचा म्हणाले, "व्हय, घेतो की."

दुसरा चहा झाला. आत भिंतीवर घड्याळ होतं, चाचा मान वाकडी करून सारखे त्याच्याकडे बघत. एकदा "निघतो" म्हणून उठले. आई म्हणाली, "बसा की, ऊन हाय." ते बसले. कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, हा माणूस आता उठून जाईल आणि मग ही बातमी कायमची आमच्या ओटीवर पडून राहील, कुणीही न उचललेली. सबूर, सबूर, असं मी मनात घोकत होते. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा आईचा रागच आला होता. हिला काही वाटत कसं नाही, असं वाटलं. आणि माझ्या हातातला कांदा सुटला.

"चाचा, आमची होरी बुरली का?"

पारूकाकीने झेप घेऊन माझ्या तोंडावर हात दाबला. हाताला सुकटीचा वास होता. कासमचाचांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्यांना बुडताना वर ओढलंय.

"बुरली? कोन बोलला बुरली?" ते म्हणाले. "दिघीला लागलीय. इंजिन बंद परला, वाऱ्यानं नेली, पन लागली किनाऱ्याला."

"आनि मानसं?" आईने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"सगली हायत वैनी. तांडेल धरधाकट हायत. नारूचा हात नांगराच्या दोरात सापरला, उजवा. डाक्टर बोलला मुंबईला न्यायाला पायजे, जीप पन उभी केलीय. पन पोरगा हटून बसलाय, आयेला बगितल्याबिगर जानार न्हाय. तांडेलांनी सकालीच निरोप धारला, मना दुपारी गावला, चारची लाँच चुकवू नको, वैनीला घेऊन ये."

"मंग दोन तास हितं नारल कसले मोजतंस?" पारूकाकी कडाडली.

"तुमी कुनी इचारलाच न्हाय!" चाचा रडकुंडीला आले होते. "सबुरीचा घर. आपनहून कसा बोलू? चांगली खबर असती तर फाटकातनं वरडत आलो असतो. पोराचा हात चेंगरलाय, ही काय वरडायची खबर हाय? मी वाट बगतोय, वैनी आता इचारंल, मग इचारंल..."

आणि इकडे आईला वाटत होतं की यांना सांगायला सुरुवात कशी करावी ते सुचत नाहीये. दोन्हीकडून रीत इतकी चोख पाळली गेली की मधल्या मधे माझ्या भावाचा हात काळा पडत चालला होता. त्या दिवसानंतर आमच्या आळीत सबुरीच्या घरी येणाऱ्याला फाटकातच अडवून विचारायची पद्धत पडली, आणि ती कुणी पाडली असेल तर पारूकाकीने. "बोल आदी, मंग चढ," असं ती म्हणायची. जणू अनादिकालापासून तीच रीत होती.

आईने सूप बाजूला ठेवलं. निवडलेला जवळा आणि कचरा एकत्र झाला, त्याकडे तिने पाहिलंही नाही. सकाळच्या चार भाकऱ्या फडक्यात बांधल्या, पदर खोचला आणि म्हणाली, "यमे, चल." चाचा पुढे, आई मागे, मी तिच्यामागे. किनाऱ्याच्या वाटेने आम्ही जवळजवळ पळतच गेलो. चाचा पळता पळता मागे वळून माफी मागत होते आणि आई त्यांना "पुढं बगा, पराल," असं सांगत होती. जेटी दिसली तेव्हा लाँचचा दोर सोडलेला होता, मधे चार हात पाणी होतं. चाचांना दम लागला होता, त्यांच्या तोंडून आवाज फुटेना. मग मी ओरडले. कशी ओरडले ते मला सांगता येणार नाही, पण जेटीवरचे कावळे उडाले आणि लाँचवाला बिचारा घाबरून मागे आला. आम्ही चढलो. चाचा काठावरच राहिले, गुडघ्यांवर हात टेकून.

लाँचमध्ये बरीच माणसं होती. दिघीच्या बाजाराची टोपल्यांची गर्दी, दोन शेळ्या, एक नवरानवरीची जोडी. आई एका फळीवर बसली. खाडीच्या मध्यावर गेलो आणि ती रडू लागली. डोळे पुसत, मुसमुसत नाही. तोंड उघडून, छाती पिटून, लहान पोर रडतं तशी. टोपलीवाल्या बाया वळून बघू लागल्या. शेळ्यासुद्धा ओरडायच्या थांबल्या. मला चौदा वर्षांची लाज होती, आणि वर भीती होती की आपण अजून पाण्यावर आहोत. मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "आये, सबूर. लोकं बगतात."

"बगू देत," ती म्हणाली. "तो चा पीत व्हता तवा मी दोगांना मसनात पोचवून आली. दोगांच्या नावानं आंघोल पन केली मनात. आता जिते गावले, तर रडू नको?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पुढे मीही रडले, आणि यावेळी मला कुणी काही म्हणालं नाही. मघाशी ओटीवर मला तिचा जो राग आला होता, त्याची मला आज इतक्या वर्षांनीही शरम वाटते. तिच्या हातांकडे बघून मी ठरवलं होतं की तिला काही होत नाहीये.

दिघीला बाबा धक्क्यावरच उभे होते. जीपचं इंजिन चालू होतं. दादा पुढच्या सीटवर, हात फडक्यात गुंडाळून छातीशी धरलेला, चेहरा मेणासारखा. आईला बघून तो हसला. आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, भाकऱ्या त्याच्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाली, "बगितलास ना? आता जा." दुसरं काही बोलायला वेळच नव्हता. त्याची दोन बोटं गेली, हात राहिला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की आणखी थोडा उशीर झाला असता तर मनगटापासून काढावा लागला असता. त्या आठ बोटांवर दादाने पुढे तीस वर्षं होडी चालवली, आणि तीन पोरींची लग्नं केली, आणि अजूनही पत्त्यांत तो मला फसवतो.

जीप गेली, धूळ बसली. बाबांनी दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. आणि सबुरीचा तो धनी, जाळ्यावर एका शब्दाने चार माणसं चालवणारा, त्याचा आवाज चढला.

"सकाली निरोप धारला. सकाली! पोराचा हात जात व्हता हितं. काय करीत व्हता इतका येल?"

मी मान खाली घातली. पाहुण्यासमोर तोंड उघडलं, रीत मोडली, आता आई ते सांगणार, असं मला वाटलं. आईने पदराने तोंड पुसलं. मग माझा दंड धरून तिने मला बाबांच्या पुढ्यात उभं केलं.

"हिला बोला काय ते," ती म्हणाली. "ही बोलली म्हनून आज तरी आलो. न्हायतर मी अजून जवला निवडीत बसली असती."